कमांड लाइनद्वारे स्मार्टफोनच्या प्रणालीत बदल करताना येणाऱ्या अडचणी : स्वरूप, निदान व उपाय (पेण व रोहा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही दोन्ही तालुक्यांची ठिकाणे मुंबईपासून फार दूर नसली, तरी त्यांच्या आसपासचा बराचसा भाग खेड्यांचा व आदिवासी वाड्यांचा आहे. सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा विद्यार्थ्याला वर्गाशी जोडणारे साधन म्हणजे मुख्यत्वे स्मार्टफोनच होता. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज व दूरध्वनी सेवा कित्येक दिवस खंडित राहिली. फोन बंद पडणे म्हणजे शिक्षण बंद पडणे होय, हा धडा या भागाला त्या काळात मिळाला.

फोन बंद पडण्याचे कारण नेहमी यांत्रिक बिघाड हेच असते असे नाही. यंत्र धडधाकट असूनही उत्पादकाने प्रणालीची नवी आवृत्ती देणे थांबविले, की काही वर्षांत आवश्यक ॲप्लिकेशन्स त्यावर चालेनाशी होतात. अशा फोनमध्ये लिनेजओएससारखी मुक्त प्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांच्या पार्श्वभूमीवर हा विचार पर्यावरणाच्या दृष्टीनेही योग्य ठरतो. मात्र हे काम संगणकावरून लेखी आज्ञा देऊन, म्हणजेच कमांड लाइनच्या साहाय्याने करावे लागते आणि त्यात एखादी पायरी चुकल्यास फोनमधील सर्व माहिती नष्ट होऊ शकते. संगणक विषयाच्या प्राध्यापकांकडे विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतात, म्हणून त्याचे पद्धतशीर विवेचन आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की पडद्यावर उमटणारा त्रुटीसंदेश हा काम नेमके कोणत्या थरावर अडले याची साक्ष असतो. थर निश्चित केल्याशिवाय उपाय करू नये, आणि जी पायरी मागे घेता येत नाही ती कोणती, हे आरंभीच जाणून घ्यावे.

देवनागरी लिपीच्या निमित्ताने आलेला अनुभव

हे प्रतिपादन मराठी वाचकाच्या परिचयाच्या एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. २०११ च्या अखेरीस या प्रणालीची ४.० ही आवृत्ती येईपर्यंत बहुतेक फोनमध्ये देवनागरी लिपीची सोय नव्हती. मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. तेव्हा अनेक हौशी वापरकर्त्यांनी फोनवर सर्वाधिकार मिळवून, म्हणजेच फोन 'रूट' करून, एडीबी या साधनाने प्रणालीच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट नेऊन ठेवण्याचा मार्ग अवलंबिला.

या प्रयत्नात तीन प्रकारच्या अडचणी येत. पहिली म्हणजे 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा संदेश येऊन फाइल जातच नसे. प्रणालीचा विभाग केवळ वाचनासाठी उघडलेला असल्यामुळे असे घडे. दुसरी म्हणजे फाइल जागेवर पोहोचे, परंतु तिच्या वाचनाची परवानगी योग्य प्रकारे न दिल्यामुळे फोन सुरू होतानाच अडकून राही. तिसरी अडचण सर्वांत बोधप्रद होती. फॉन्ट बसे, अक्षरेही दिसत, परंतु 'शिक्षण' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या आधी न उमटता नंतर उमटे आणि 'विद्यार्थी'मधील जोडाक्षरे व रफार सुटे पडत. वापरकर्ते एकामागून एक फॉन्ट बदलून पाहत. गुण येत नसे. कारण दोष फॉन्टमध्ये नव्हताच. अक्षरांचा क्रम लावून जोडाक्षरे घडविणारा प्रणालीचा भाग त्या आवृत्तीत देवनागरीसाठी सज्ज नव्हता. वरच्या थरावर कितीही उपाय केले तरी खालच्या थरातील उणीव भरून निघत नाही, हे तत्त्व पुढील सर्व विवेचनाला लागू पडते.

दोन साधने, दोन अधिकारक्षेत्रे

या कामासाठी प्रामुख्याने एडीबी व फास्टबूट ही दोन साधने वापरली जातात. ती एकाच संचात मिळत असली तरी त्यांची अधिकारक्षेत्रे भिन्न आहेत. रोह्यापर्यंतचा लोहमार्ग मध्य रेल्वेचा व तेथून पुढचा कोकण रेल्वेचा आहे. गाडी अडली असता ती रोह्याच्या अलीकडे अडली की पलीकडे, हे आधी विचारावे लागते. येथेही तसेच आहे. फोनमधील अँड्रॉइड प्रणाली सुरू असताना एडीबी काम करते. प्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या, बूटलोडर नावाच्या प्राथमिक आज्ञावलीशी फास्टबूट बोलते. फोन बूटलोडरच्या अवस्थेत असताना एडीबीच्या आज्ञेला उत्तर मिळत नाही. हा बिघाड नसून क्षेत्राची गल्लत आहे, आणि नवशिक्यांच्या हातून ती वारंवार होते.

पहिला थर : संगणक, केबल व ड्रायव्हर

'ही आज्ञा ओळखीची नाही' अशा अर्थाचा संदेश विंडोज प्रणाली देते, तेव्हा फोनचा काहीच संबंध नसतो. आज्ञा ज्या फोल्डरमधून दिली त्यात साधनाची फाइल नाही, एवढाच त्याचा अर्थ. पॉवरशेलमध्ये मात्र योग्य फोल्डरमध्ये असतानाही आज्ञेपूर्वी टिंब व उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

'एडीबी डिव्हाइसेस' ही आज्ञा दिल्यावर यादी रिकामी आली, तर प्रथम केबल बदलून पाहावी. केवळ चार्जिंगसाठी बनविलेल्या केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. केबल बदलूनही यादी रिकामीच राहिली तर ड्रायव्हर तपासावा. एक बाब येथे विशेष लक्षात ठेवावी. विंडोजच्या दृष्टीने एडीबीतील फोन व फास्टबूटमधील फोन ही दोन निराळी उपकरणे असतात. त्यामुळे एडीबी सुरळीत चालत असूनही फास्टबूट 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' असे म्हणून थांबून राहू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वेळी पिवळे चिन्ह दिसल्यास फास्टबूटसाठीचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा. लिनक्सवर 'नो परमिशन्स' हा संदेश आल्यास वापरकर्त्याला यूएसबी उपकरणाचा अधिकार देणारे नियम बसवावे लागतात. काही जुने फोन नव्या संगणकांच्या वेगवान पोर्टवर फास्टबूटमध्ये नीट प्रतिसाद देत नाहीत. अशा वेळी यूएसबी २.० पोर्ट किंवा साधा हब उपयोगी पडतो.

दुसरा थर : फोनची संमती

यादीत फोनच्या क्रमांकापुढे 'अनऑथराइज्ड' असे लिहून आले, तर केबल व ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत हे सिद्ध होते. अडले आहे ते फोनच्या संमतीपाशी. २०१३ मधील ४.२.२ या आवृत्तीपासून अँड्रॉइडने प्रत्येक संगणकासाठी कूटकिल्लीद्वारे स्वतंत्र संमती आवश्यक केली आहे. फोनचा पडदा उघडून त्यावरील प्रश्नाला होकार द्यावा. प्रश्नच दिसत नसेल तर डेव्हलपर पर्यायांतून पूर्वीच्या संमती रद्द करून, 'एडीबी किल-सर्व्हर' या आज्ञेने संगणकातील सेवा थांबवून पुन्हा जोडणी करावी. 'ऑफलाइन' असा शब्द आल्यासही हाच क्रम उपयोगी ठरतो. फोनचा पडदा फुटून स्पर्श चालत नसेल आणि आधी संमती दिलेली नसेल, तर हा थर सहसा ओलांडता येत नाही. ही फोनच्या मालकाच्या संरक्षणासाठी मुद्दाम ठेवलेली व्यवस्था आहे.

तिसरा थर : बूटलोडरचे कुलूप

फास्टबूटद्वारे लिहिण्याची आज्ञा दिल्यावर 'फेल्ड' व त्यापुढे 'रिमोट' हे शब्द आले, की नकार संगणकाने नव्हे तर फोनमधील बूटलोडरने दिला आहे असे समजावे. बहुधा बूटलोडर कुलूपबंद असतो. डेव्हलपर पर्यायांतील 'ओईएम अनलॉकिंग' सुरू केल्याशिवाय ते कुलूप निघत नाही. जुन्या फोनमध्ये त्यासाठी 'फास्टबूट ओईएम अनलॉक' व नंतरच्या फोनमध्ये 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' ही आज्ञा चालते. काही उत्पादक खात्याची नोंदणी व प्रतीक्षाकाळाची अट घालतात, तर काही ही परवानगी देतच नाहीत. अशा फोनवर कोणतीही आज्ञा वारंवार देऊन उपयोग होत नाही.

मागे घेता न येणारी पायरी ती हीच. कुलूप उघडताच फोनमधील सर्व वैयक्तिक माहिती पुसली जाते. हमरापूर किंवा जोहे येथील मूर्तिकाराने गणेशमूर्तींची छायाचित्रे व ग्राहकांचे क्रमांक फोनमध्येच ठेवले असतील, किंवा विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या मुलाखती त्यातच ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर त्या परत मिळत नाहीत. म्हणून माहितीची प्रत अन्यत्र ठेवून, ती प्रत उघडते याची खात्री केल्यावरच हे पाऊल उचलावे. कुलूप उघडल्यानंतर बँकांची काही ॲप्लिकेशन्स चालण्यास नकार देतात, याचीही मालकाला पूर्वकल्पना द्यावी.

चौथा थर : प्रतिमा व विभाग यांची जुळणी

फोनमध्ये लिहिल्या जाणाऱ्या प्रणालीच्या फाइलला प्रतिमा म्हणतात. ती नेमक्या त्याच मॉडेलची असावी लागते. बाजारातील नाव एक असूनही अंतर्गत सांकेतिक नाव भिन्न असू शकते. 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट' या आज्ञेने ते कळते. उतरवून घेतलेली फाइल अपुरी राहिली आहे काय, हे तिच्या शा-२५६ बेरजेवरून पडताळावे. इंटरनेटची जोडणी मधूनमधून तुटत असेल तेथे ही पडताळणी टाळू नये.

विभागरचनाही कालांतराने बदलत गेली आहे. २०१६ मधील ७.० या आवृत्तीपासून काही फोनमध्ये प्रणालीच्या दोन समांतर जागा आल्या. अशा अनेक फोनमध्ये रिकव्हरी हा स्वतंत्र विभाग नसतो. त्यामुळे जुन्या माहितीनुसार आज्ञा दिल्यास विभाग सापडत नसल्याचा संदेश येतो. २०१९ मधील १० व्या आवृत्तीपासून प्रणालीचे विभाग एका मोठ्या विभागात सामावले गेले. ते लिहिण्यासाठी बूटलोडर पुरेसा नसून 'फास्टबूटडी' या अवस्थेत जावे लागते. संदेश तोच असला तरी फोनच्या पिढीनुसार कारण वेगळे असू शकते, ते असे.

लिहिण्यापूर्वी चाचणी घेण्याची सोय अनेक फोनमध्ये आहे. 'फास्टबूट बूट' ही आज्ञा बूटची प्रतिमा कायमस्वरूपी न लिहिता एकदाच चालवून दाखविते. ती चालली नाही तर फोन पुन्हा सुरू करताच पूर्वस्थिती येते. जेथे ही सोय आहे तेथे तिचा अवलंब अवश्य करावा.

फोन सुरू होत नसल्यास

बदलानंतर फोन बोधचिन्हापाशी अडकून राहिला तरी तो निकामी झाला असे समजू नये. बटणांच्या साहाय्याने तो बूटलोडरमध्ये जात असेल व 'फास्टबूट डिव्हाइसेस' या आज्ञेला उत्तर देत असेल, तर उत्पादकाची मूळ प्रतिमा लिहून तो बहुधा पूर्ववत करता येतो. पडदा काळाच राहून संगणकाला केवळ 'क्वालकॉम ९००८' असे उपकरण दिसत असेल, तर बूटलोडरच बिघडला आहे असे समजून काम सेवा केंद्राकडे सोपवावे.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. परकी प्रणाली असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप लावू नये. फोन सुरू होण्याचे थांबते. ज्या फोनमध्ये मागील आवृत्तीकडे जाण्यास प्रतिबंध आहे त्यात जुनी प्रतिमा लिहू नये. तसेच आयएमईआय क्रमांकाशी संबंधित विभाग पुसू नये. तो क्रमांक नाहीसा झाल्यास फोनवरून संपर्क होत नाही, आणि हेतुपुरस्सर क्रमांक बदलणे हे कायद्याने प्रतिबंधित आहे.

स्थानिक परिस्थिती व महाविद्यालयाची भूमिका

पावसाळ्यात वीज जाणे हे कोकणात नवे नाही. डेस्कटॉप संगणकावरून लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर विभाग अर्धवट लिहिला जातो. म्हणून हे काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस जोडलेल्या संगणकावर करावे व फोनही पुरेसा चार्ज केलेला असावा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या विषयाची नोंदवही ठेवणे उपयुक्त ठरेल. तीत मॉडेलचे सांकेतिक नाव, दिलेली आज्ञा, आलेला संदेश जसाच्या तसा आणि केलेला उपाय या चार गोष्टी लिहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कशाने गुण आला हे कळत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरात तो एकमेव फोन आहे, त्याच्यावर प्रयोग करू नये. शिक्षणासाठी वापरातून गेलेला जुना फोन घ्यावा.

निष्कर्ष

कमांड लाइनवरील बहुसंख्य अपयश फोनच्या बिघाडामुळे नव्हे, तर थर न ओळखता केलेल्या उपायांमुळे ओढवते. रिकामी यादी केबल व ड्रायव्हरकडे, 'अनऑथराइज्ड' फोनच्या संमतीकडे, 'रिमोट' हा शब्द बूटलोडरकडे आणि न सापडणारा विभाग फोनच्या रचनेकडे निर्देश करतो. संदेश शांतपणे वाचणे, तो लिहून ठेवणे व कुलूप उघडण्यापूर्वी माहिती सुरक्षित करणे या तीन सवयी लागल्या, तर जुना फोन पुन्हा वापरात येऊ शकतो. त्या नसतील, तर चालू असलेला फोनही हातचा जातो. देवनागरी फॉन्ट वारंवार बदलूनही न सुधारलेली वेलांटी हेच सांगून गेली होती.