तोंडाच्या मापाचा शेजारी

रबरबँड मारलेल्या, हवेने टम्म फुगलेल्या पिशवीतून ऑस्कर माशाचं पिल्लू घरी येतं तेव्हा जेमतेम दोन इंचांचं असतं. अंगावर संगमरवरी नक्षी, टपोरे डोळे आणि काचेवर बोट फिरवलं की बोटामागे धावण्याची सवय. छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, तीन फुटी टाकीतल्या गप्पी आणि मॉलींच्या गर्दीत त्याची भर पडते. सुरुवातीचे काही आठवडे गोडीगुलाबीत जातात. मग गप्पींचा हिशेब लागेनासा होतो. घरच्यांना वाटतं, मेले असतील, फिल्टरमागे अडकले असतील. शोधूनही काही सापडत नाही. सापडणार कसं? गप्पी ऑस्करच्या पोटात असतात.

‘हे सगळे एकत्र राहतात’ असं दुकानदार सांगतो, ते त्या दिवसापुरतं खरंच असतं. नीट खायला मिळालं तर ऑस्कर वर्षभरात दहा-बारा इंचांचा होतो. गप्पी मात्र तेवढाच राहतो.

बहुतेक शिकारी मासे भक्ष्याचे तुकडे करत बसत नाहीत. जबडा उघडायचा, पाण्यासकट ओढून घ्यायचं आणि अख्खं गिळायचं. त्यामुळे कोण कुणाला खाणार, हे स्वभावापेक्षा तोंडाच्या मापावर ठरतं. या मापाचं महत्त्व खुद्द भक्ष्यालाही कळत असावं असं वाटायला लावणारा एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला. ख्रिस्तर ब्रॉनमार्क आणि जेफ्री मायनर यांनी 1992 साली ‘सायन्स’मध्ये तो मांडला. गोल्डफिशचा चुलतभाऊ शोभेल असा क्रुशियन कार्प नावाचा मासा पाइक या शिकारी माशाच्या सहवासात ठेवला, तर त्याचं अंग उंच होत जातं. लांबी तीच, पण पाठ ते पोट हे अंतर वाढतं आणि पाइकच्या जबड्यात तो मावेनासा होतो. मोठ्या शिकारी माशासोबत सिल्व्हर डॉलरसारखा थाळीच्या आकाराचा मासा टिकतो, तो याच भूमितीमुळे. तेवढ्याच लांबीचा सडपातळ मासा मात्र सरळ आत जातो.

अर्थात तोंडात मावला म्हणजे घशाखाली उतरेलच असं नाही. कॅटफिशच्या कुळातल्या अनेक माशांना छातीच्या परांपाशी टोकदार काटे असतात आणि घाबरले की ते काटे ताठ करून जागीच अडकवून ठेवतात. आपल्याकडे शिंगाडा मासा जाळ्यातून सोडवताना कोळ्याच्या बोटांना ज्या काट्यांचा प्रसाद मिळतो, तेच हे हत्यार. टाकीचा तळ साफ करायला म्हणून सोडलेला छोटा कोरिडोरास एखाद्या ऑस्करने तोंडात घेतला, तर काटे टाळूत रुततात. मग गिळताही येत नाही नि थुंकताही येत नाही. बऱ्याचदा दोघंही मरतात.

दुसरा प्रश्न मजल्यांचा. पाण्याची टाकी बाहेरून एक खोली दिसते, माशांच्या लेखी ती तीन मजली इमारत असते. अरोवाना वरच्या मजल्यावरचा. त्याचं तोंड वर उघडतं, हनुवटीला दोन मिशा असतात, जीभ हाडाळ आणि दातेरी असते. दक्षिण अमेरिकेत पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलात तो फांदीवरचे किडे उडी मारून टिपतो. तिथे त्याला पाण्यातलं माकड म्हणतात ते उगीच नाही. लक्ष्मी येते म्हणून अरोवाना पाळणाऱ्या घरांत लक्ष्मी येते की नाही ते ज्याचं त्याला ठाऊक, पण टाकीवर घट्ट झाकण नसेल तर एके सकाळी मासा फरशीवर सापडतो, हे नक्की. त्याच्यासोबत मधल्या आणि तळच्या थरात राहणारे, अंगाने भरदार मासे निवडले, तर एकमेकांच्या वाटेला जाण्याचे प्रसंग कमी येतात.

मजल्यांचं हे गणित गोदाकाठच्या शेततळ्यांना नवं नाही. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांचं खाणं वेगवेगळं, म्हणून हे त्रिकूट जमतं. मिश्र मत्स्यशेतीचा सगळा डोलारा याच वाटणीवर उभा आहे. पण बीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी काढून टाकावे लागतात, आणि त्यात पहिलं नाव मरळीचं. जाळं ओढलं तरी ती चिखलात दबा धरून राहते. तिला वरच्या हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे पाणी आटवलं तरी लगेच मरत नाही. म्हणून हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात. पेंडीतलं सॅपोनिन माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांत विषाचा असर ओसरतो आणि तीच पेंड तळ्याला खत म्हणून लागू पडते. घरच्या टाकीत शिकारी ठेवून सोबती निवडायचे असतात, शेततळ्यात सोबती ठेवून शिकारी हाकलायचा असतो. हिशेब एकच.

याच मरळीचं दुसरं रूपही पाहण्यासारखं आहे. नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याभोवती पहारा देतात, जवळ येणाऱ्यावर तुटून पडतात. पण मरळ पाळणाऱ्यांना त्या पिलांची आकारानुसार पुन्हा पुन्हा निवड करावी लागते. नाहीतर चार दिवसांत अंगाने पुढे गेलेलं पिल्लू मागे राहिलेल्या सख्ख्या भावंडाला गिळतं.

आता समजा, मापाचा प्रश्न सुटला. शेजारी गिळला जाणार नाही. तरी मार खाणार नाही याची खात्री कुठे आहे? प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांचं आक्रमकतेवरचं पुस्तक 1963 साली जर्मन भाषेत आलं, त्याची सुरुवातच भडक रंगांच्या प्रवाळमाशांनी होते. त्यांचं निरीक्षण असं, की मासा परक्या जातीच्या माशाकडे काणाडोळा करतो आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर धावून जातो. अन्न, जागा, जोडीदार यांत खरा वाटेकरी तोच असतो. पुढच्या अभ्यासकांनी याला बरेच अपवाद दाखवले, तरी हौशी लोकांचा अनुभव मोठ्या प्रमाणात लोरेन्ट्स यांच्या बाजूने आहे. दोन अरोवाना एका टाकीत ठेवले की दुबळ्याचे खवले उडतात. एकतर एकच ठेवावा, नाहीतर पाच-सहा, म्हणजे राग वाटला जातो. पण पाच-सहा अरोवानांची टाकी म्हणजे घरात छोटं तळंच. कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकरातून घडवलेला मासा तर बहुतेक ठिकाणी एकटाच ठेवावा लागतो. त्याला काचेतली स्वतःची सावलीही चालत नाही.

शांत समजल्या जाणाऱ्या सकरवर मात्र कुणी संशय घेत नाही. दिवसा काचेला चिकटून शेवाळ खाणारा हा मासा रात्री दिवे गेल्यावर मोठ्या, संथ माशाच्या अंगाला चिकटतो आणि त्याचा बुळबुळीत थर खरवडून खातो. सकाळी त्या मोठ्या माशाच्या अंगावर गोल ओरखडे दिसतात आणि दोष ऑस्करला लागतो.

‘टायगर शार्क’ म्हणून विकलं जाणारं बोटभर पिल्लू हा आणखी एक गंमतशीर सोबती. त्याचा शार्कशी काही संबंध नाही. तो पंगास. मेकाँग नदीत एक मीटरच्या वर जाणारा, आणि आपल्या हॉटेलांत बहुतेकदा ‘बासा’ म्हणून ताटात येणारा. म्हणजे टाकी बघत बघत जेवणारे लोक कधीकधी एकच मासा दोन्हीकडे बघत असतात.

असे मासे टाकीत मावेनासे झाले की काही मालकांना ‘त्याला मोकळं करू’ अशी दया सुचते. कधी पूरच हे काम करतो. 2018 च्या पुरानंतर केरळात चालकुडी नदीत अरापाइमा आणि अ‍ॅलिगेटर गार सापडले. अमेरिका खंडांतले हे दोन्ही मासे पाळणाऱ्यांकडून वाहून आले होते. 2023 साली अ‍ॅलिगेटर गार भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरातही निघाला. संभाजीनगरचा हर्सूल तलाव किंवा सलीम अली सरोवर अशा दयेपासून दूर राहिलेलेच बरे.

आणि सगळ्यांत कडक निकष पाण्याचा. अरोवानासाठी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरली तर ती साडेआठशे लिटर होते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे एक निळा ड्रम. जायकवाडी धरणातून पाइपने येणारं पाणी नळाला किती दिवसांनी येतं, हे या शहरात कुणाला सांगायला नको. म्हणून इथल्या हौशी घरात सोबती वाढवण्याआधी ड्रम मोजावे लागतात. मांसाहारी मासा प्रथिनं खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात, पण त्यांची ताकद ठरलेली असते. शिवाय बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी वापरलं तर अडचण वाढते. 25 अंशाला, सामू 7 असताना एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी वायुरूपात असतो. सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, मार जवळपास दहापट. त्यात मे महिन्यात टाकीतलं पाणी तापतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दुपारी वीज गेली, एअर पंप थांबला, की सर्वांत मोठा मासा आधी वर येऊन तोंड उघडायला लागतो.

म्हणून नळाच्या दिवशी या घरांत आधी स्वयंपाकघराची भांडी भरतात, मग निळा ड्रम. ड्रम रात्रभर उघडा ठेवतात, क्लोरीन उडून जावं म्हणून. घाई असेल तर क्लोरीन मारायला चिमूटभर हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकतात. सकाळी पाइप लावून पाणी टाकीत सोडतात आणि झाकण लावून वर वीट ठेवतात.