पाहुणे जाईपर्यंत थांबू नका
नाताळच्या रात्री हृदय का बिघडतं आणि त्या वेळी घरच्यांनी काय करायचं?

स्वीडनमध्ये नाताळचा खरा सोहळा २४ डिसेंबरला होतो. दुपारी तीन वाजता घरोघरी दूरचित्रवाणीवर डोनल्ड डकचा कार्यक्रम लागतो; कित्येक दशकांचा हा परिपाठ आजही टिकून आहे. संध्याकाळी जेवणाचं टेबल भरतं. मुरवलेले हेरिंग मासे, हॅम, बटाट्याचे प्रकार, गोडधोड आणि सोबतीला मद्य. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका छताखाली जमलेले. भेटवस्तू उघडून होतात, रात्रीचे दहा वाजतात. आणि नेमक्या याच सुमारास त्या देशात हृदयविकाराच्या झटक्यांची संख्या शिगेला पोहोचते.

ही बाब उजेडात आणली लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी. स्वीडनमध्ये झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांची माहिती ‘स्वीडहार्ट’ या राष्ट्रीय नोंदवहीत ठेवली जाते. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, हेही तिथे लिहिलेलं असतं. १९९८ ते २०१३ या सोळा वर्षांतल्या २,८३,०१४ झटक्यांचा हिशेब या संशोधकांनी मांडला आणि डिसेंबर २०१८मध्ये तो ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाताळच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांशी तुलना केली, तर २४ डिसेंबरला झटके ३७ टक्क्यांनी जास्त होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेले यांना धोका अधिक होता. एरवी झटक्यांची वेळ सकाळी आठच्या आसपासची. नाताळात ती रात्रीवर सरकली होती.

थंडीवर आळ

पहिला संशय अर्थातच थंडीवर जातो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हे खरं आहे. पण मग ही वाढ हिवाळाभर सारखी दिसायला हवी. अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते २००१ या काळातले सुमारे ५ कोटी ३० लाख नैसर्गिक मृत्यूंचे दाखले तपासले, तेव्हा हिवाळ्याच्या चढावर दोन वेगळे सुळके उभे राहिलेले दिसले. एक नाताळच्या दिवशी, दुसरा एक जानेवारीला. थंडीला तारखा कळत नाहीत.

स्वीडनच्या नोंदींतही याला दुजोरा मिळाला. जूनमधल्या ‘मिडसमर’ या उन्हाळी सणात तिथे झटके १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. सर्वात बोलका पुरावा मात्र न्यूझीलंडचा. तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८८ ते २०१३ दरम्यानच्या सात लाखांहून अधिक मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. २५ डिसेंबर ते ७ जानेवारी या दोन आठवड्यांत, रुग्णालयाबाहेर हृदयविकाराने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४.२ टक्क्यांनी जास्त निघाले. तिथे थंडीकडे बोट दाखवायची सोयच नव्हती.

असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र घडतात एवढंच दाखवतात. एकीमुळे दुसरी घडते, हे त्यांतून सिद्ध होत नाही. तरी सणाच्या दिवशी शरीरावर काय काय येऊन पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

एका रात्रीत एवढं सगळं

भरपेट जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त वळवावं लागतं आणि हृदयाचं काम वाढतं. खारवलेल्या पदार्थांतलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, त्याने रक्तदाब चढतो. प्रवासाचा शीण, अपुरी झोप, पैशांची ओढाताण, भावंडांतले जुने रुसवे, आणि गेल्या नाताळात सोबत असलेल्या माणसाची रिकामी खुर्ची. राग आणि दुःख यांनी ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं रक्तात उसळतात, नाडी जलद होते. निरोगी हृदय हे पेलतं. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला ते जड जाऊ शकतं.

मद्याचं प्रकरण वेगळं आहे. फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८मध्ये अशा २४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या हृदयाची लय भरपूर मद्यपानानंतर बिघडली होती. हे रुग्ण शनिवार-रविवारला किंवा सणासुदीला जोडून दाखल होत, म्हणून या त्रासाला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव पडलं. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तिथे साचतं, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. छातीत धडधड, दम लागणं, चक्कर ही त्याची लक्षणं.

‘गॅस झाला असेल’

फिलिप्स यांच्या अभ्यासातली एक शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सणाच्या दिवशी माणसं दवाखान्यात जायला उशीर करत असावीत. घर भरलेलं असताना कुणाच्या आनंदावर विरजण घालायचं? हा संकोच आपल्याकडे तर घरोघरी आहे. वसईत नाताळचा गोठा सजलेला असतो, गोव्यात नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंकाची ताटं शेजारीपाजारी फिरत असतात, किंवा वर्षअखेरीला पुण्या-मुंबईचं कुटुंब समुद्रकिनारी गेलेलं असतं. रात्री आजोबांच्या छातीवर दडपण येतं. ते म्हणतात, ‘पित्त झालंय.’ कुणी ओवा देतं, कुणी सोडा-लिंबू. ‘सकाळी बघू’ म्हणून दिवे मालवले जातात.

त्या ‘सकाळी’त हृदयाचं काय होतं? गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि तो हळूहळू मरू लागतो. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या ‘जिसी’ या मोठ्या चाचणीत, दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्यांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. सहा तासांनंतर औषध दिलं, तर त्याचा फायदा दिसला नाही. हृदयविकाराच्या झटक्यांसाठी गोव्यात चालणाऱ्या ‘स्टेमी’ प्रकल्पाची मांडणी याच विचारावर झाली आहे. छोट्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवला जातो आणि त्यांच्या सल्ल्याने तिथेच इंजेक्शन देता येतं. पण ही साखळी सुरू होण्यासाठी घरातून कुणीतरी फोन करावा लागतो.

सण निवांत जावा म्हणून

रोजच्या गोळ्या प्रवासाच्या बॅगेत सगळ्यात आधी भरा, दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या. सुट्टीत गोळ्यांना सुट्टी नसते. एका ताटात सगळं संपवण्यापेक्षा थोडं थोडं खा आणि जेवणानंतर जरा वेळ चालून या. दारू टाळता आली तर उत्तम. घेतलीच तर कमी, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. स्वयंपाकघराचा भार एकट्या बाईवर टाकू नका, कारण निवांतपणात तिचाही वाटा आहे. भांडणाचे विषय जानेवारीसाठी ठेवा. ज्या घरात यंदा कुणी कमी झालंय, तिथे त्या माणसाचं नाव घ्यायला संकोच करू नका.

आणि लक्षणं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, दम. बायकांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणं किंवा विलक्षण थकवा एवढंही असू शकतं. महाराष्ट्रात आणि गोव्यातही रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. तो बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोराने, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

यंदा रात्री दहाच्या सुमाराला एकदा टेबलाभोवती नजर फिरवा. कुणी ताट बाजूला सारून गप्प बसलं असेल, कपाळ घामेजलं असेल, आणि विचारल्यावर ‘काही नाही, तुम्ही चालू द्या’ म्हणालं असेल, तर त्यांचं ऐकू नका. फोन उचला. पाहुणे समजून घेतात.