भंगारातले पोलाद कसे पारखावे?

लोखंड हा आपल्या चांदा मुलखाचा जुना विषय आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा येथील लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे लोखंड त्यांच्या मनात भरले. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामी चालेना. कारखाना पुढे जमशेदपुरास झाला आणि १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले.

मला मात्र आज खाणीतल्या नव्हे, भंगाराच्या वखारीतल्या लोखंडाविषयी सांगायचे आहे. संघटनेच्या कामातून वेळ उरला की खुरपी, विळे, छिन्न्या घडवण्याचा मला नाद आहे. हे शिक्षण मला शाळेने दिले नाही. लोहारांच्या भात्याशी बसून आणि चुका करून ते मिळाले.

वखारीत सगळे लोखंड सारखेच दिसते. भेद असतो तो त्यातील कर्बाचा. सळया, अँगल, पत्रे हे नरम पोलाद. त्यात कर्ब शेकडा पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याची चौकट होईल, पण धार टिकणार नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कर्ब शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक. त्याला पाणी देता येते, म्हणून विळ्या-कोयत्यास तो चांगला. बीडात कर्ब शेकडा दोनहून जास्त. ते घणाखाली फुटते.

ओळखावे कसे? मालकाची परवानगी घेऊन तुकडा ग्राइंडरला लावावा. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कर्ब वाढला की त्यांना फाटे आणि चांदण्या फुटतात. बीडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, नरमावर ती चावते. पाटा घेताना बारीक तडे पाहावेत. वर्षानुवर्षे वाकून तो थकलेला असतो.

वजनाचाही हिशोब सोपा आहे. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी, तिला तिनेच गुणावे आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे किलो मिळतात. २० मिलिमीटरची दोन मीटर सळई सुमारे पाच किलो भरली पाहिजे. काटा सहा दाखवू लागला तर शांतपणे विचारावे.

आता माझी एक चूक सांगतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप स्वस्तात मिळाला म्हणून मी बंद खोलीत भट्टीत घातला. पांढरा धूर निघाला आणि रात्री मला हुडहुडी भरून ताप चढला. जस्ताच्या धुराने तसा ताप येतो, हे मला नंतर कळले. चूक माझीच होती. तेव्हा चकचकीत मुलाम्याचा माल भट्टीत घालू नये. बंद पिंप किंवा सिलिंडर तर कापूही नये आणि कोणाला कापायला सांगूही नये. आत उरलेली वाफ जीव घेते.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा हवा, असे पुष्कळांना वाटते. पावतीवाचून तो घेऊ नये. रेल्वेची चोरीची वाटावी अशी मालमत्ता जवळ बाळगणे, हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले एक यंत्र आले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. फोडणाऱ्यांना कोणी ते सांगितले नव्हते. एक कामगार दगावला, इतर कित्येक आजारी पडले. आपल्याला स्वस्त पडणारा तुकडा कोणीतरी उघड्या हातांनी वेचलेला, तोडलेला असतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती याच कष्टाला मान मिळावा म्हणून. तेव्हा काट्याचा हिशोब चोख मागा. पण वखारीतल्या मजुराच्या हातात मोजे आहेत का, तेही विचारा. ऐरणीवर पोलाद पारखले जाते, तसा गिऱ्हाईकही वखारीत पारखला जातो.