वनस्पती, पाणी आणि कोळंबी

मत्स्यालयात जिवंत वनस्पती लावल्या की पाणी आपोआप शुद्ध राहते, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान निम्मेच खरे आहे आणि उरलेल्या निम्म्याची किंमत कोळंबीला मोजावी लागते.

१८४९ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १२ गॅलनच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. प्राणवायू मिळू लागला. पण जुनी पाने कुजून पाणी बिघडले. मग त्याने कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या, तेव्हा ते निवळले. वाढते पान पाण्यातून जे घेते, ते कुजते पान परत करते.

घरोघरी पाळली जाणारी चेरी श्रिंप ही कोळंबी मूळची चीन-तैवानकडची, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. तिच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पैकी नायट्राइटही विषारीच. वनस्पती मात्र अमोनियम थेट अन्न म्हणून शोषतात, त्यामुळे नायट्राइटचा टप्पाच टळतो.

आता सामू पाहू. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो : बराचसा निरुपद्रवी अमोनियम आणि थोडा विषारी मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया सुमारे ०.६ टक्के, ८ झाला तर सुमारे ५ टक्के. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, पाण्यातले कार्बोनिक आम्ल घटते आणि सामू चढतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. सामू उतरतो, प्राणवायूही घटतो. म्हणून मी दिवा लावण्यापूर्वी आणि मालवण्यापूर्वी, असा दोनदा सामू मोजतो. एकाच वेळच्या आकड्यावरून पाण्याची खरी स्थिती कळत नाही. दाट झाडोऱ्याच्या टाकीत कोळंबीला सर्वांत अवघड वेळ पहाटेची.

तिसरी गोष्ट कॅल्शियमची. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड कमी पडला की बायकार्बोनेट वापरतात. त्यातून पानांवर चुन्याचा पांढुरका थर बसू शकतो आणि पाण्यातला तेवढा चुना कमी होतो. कोळंबीला कात टाकल्यावर नवे कवच घट्ट करायला हाच चुना लागतो. तो फार घटला तर कात टाकणेच जिवावर बेतते.

यातून निघणारा नियम साधा आहे. वनस्पती नत्र नाहीसे करत नाहीत, साठवून ठेवतात. वाढलेल्या फांद्या छाटून टाकीबाहेर काढल्या, तरच ते खऱ्या अर्थाने पाण्यातून जाते. पिवळी पाने वेळीच खुडावीत, रात्री हवेचा पंप चालू ठेवावा, पाण्याची कठिणता अधूनमधून तपासावी. वनस्पती पाणी राखतात खऱ्या. पण त्यांनाही कोणीतरी राखावे लागते.