पर्युदरीय अपोहनातील कवकसंसर्ग व त्यावरील उपचार

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे हे काहींस खटकेल. परंतु परिभाषेतील एखादा शब्द कोठे फसवितो हे पाहणे आमचेच काम होय. ‘बुरशी’ हा तसा शब्द आहे. लोणच्यावर बुरशी आली की वरचा थर काढून टाकावा, ही आपली घरगुती समजूत. रुग्णास ‘पोटात बुरशी झाली आहे’ असे सांगितले की तो हीच समजूत मनात धरतो आणि औषधाची वाट पाहतो.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटात सिलिकोनची नलिका बसवून तिच्यावाटे द्रव आत सोडावयाचा, काही तासांनी काढावयाचा, आणि पर्युदर या पातळ पडद्याकरवी रक्तशुद्धी साधावयाची, हे पर्युदरीय अपोहन. ते घरी करता येते, हा त्याचा मोठाच लाभ. बाहेर येणारा द्रव गढूळ झाला की पर्युदरशोथाची शंका घ्यावी. बहुधा त्याचे कारण जीवाणू असतात. कवक, विशेषतः कॅन्डिडा, क्वचित, पण अधिक घातक.

जीवाणुजन्य शोथात पुष्कळदा नलिका जागी ठेवून प्रतिजैविके देता येतात. कवकाच्या बाबतीत तसे करणे धोक्याचे. कॅन्डिडाच्या पेशी नलिकेच्या पृष्ठभागावर चिकट पटल निर्माण करून त्यात राहतात व तेथे औषधाचा प्रभाव पुरेसा पडत नाही. म्हणून द्रवात कवक आढळताच नलिका काढावी व त्यानंतरही किमान दोन आठवडे औषध चालू ठेवावे, असे आंतरराष्ट्रीय पर्युदरीय अपोहन संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नलिका गेली म्हणजे घरचा उपचार थांबला व रुग्णालयातील रक्त-अपोहन आले. काहींना तर पुन्हा घरच्या पद्धतीकडे वळताच येत नाही. विलंबाचा मोह होतो तो येथेच. अशा वेळी ‘बुरशी नळीतच मुरली आहे’ असे सांगणे मला अधिक यथार्थ वाटते.

औषधांपैकी फ्लुकोनाझोल पर्युदरात चांगले पोहोचते, पण कॅन्डिडा क्रुसाय त्यास मुळातच दाद देत नाही; तेथे एकिनोकॅन्डिन गटाकडे वळावे लागते. अँफोटेरिसिन बी शिरेवाटे दिल्यास पर्युदरात फारसे उतरत नाही, आणि थेट पोटात सोडल्यास दाह करते. त्याच कुळातील नायस्टॅटिनचे नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडले. (आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिनही याच कुळातले.) नायस्टॅटिनचा उपयोग येथे प्रतिबंधापुरता आहे. प्रतिजैविकांनी आतड्यातील जीवाणू घटले की कवकास मोकळीक मिळते. यास्तव अपोहनावरील रुग्णास कोणत्याही कारणाने प्रतिजैविके दिली, तरी त्यांच्या जोडीस तोंडावाटे नायस्टॅटिन किंवा फ्लुकोनाझोल द्यावे.