वॉच सोपवताना

आमच्या पिंपळनेरहून समुद्र दिसत नाही. दिसते ती पांझरा. लाटीपाड्याच्या धरणात थोडी विसावते, धुळ्यावरून पुढे जाते, तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. मी नौदलात भरती झालो तेव्हा आमच्या आबांना मी एवढंच सांगितलं होतं की, आबा, आपलं पाणी जिथं जातं तिथंच मी चाललोय. सुट्टीवर आलो की पारावरची मंडळी विचारायची, “तठे पानीमा काय करस रे भो?” त्याचं उत्तर आज सविस्तर देतो.

मी संदेश विभागातला नाविक होतो. माझी जागा विनाशिकेच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवलं जातं तिथं, अधिकाऱ्यांच्या शेजारी. विनाशिका म्हणजे डिस्ट्रॉयर. छोट्या, वेगवान टॉर्पेडो नौकांचा बंदोबस्त करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात जन्माला आली. आज तिला तिन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं: वर विमानं, समोर जहाजं आणि खाली पाणबुड्या.

अशा जहाजावर तरुण अधिकाऱ्याची खरी परीक्षा असते ती ‘वॉच’ची. वॉच म्हणजे साधारण चार तासांचा पहारा. रात्री कप्तान झोपलेला असतो आणि शेकडो माणसांचा जीव पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका मुलाच्या हाती असतो. शंका आली तर कप्तानाला उठवायचं, त्यात कमीपणा नाही. मला सगळ्यात आवडायचं ते पहारा बदलणं. नवा अधिकारी थोडा आधीच येऊन अंधारात उभा राहतो, कारण डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. जुना त्याला दिशा, वेग, आजूबाजूची जहाजं, हवामान सगळं समजावून देतो. नव्यानं “आता माझ्याकडे” म्हटल्याशिवाय जुना जागचा हलत नाही. आणि एकदा सोपवलं की मध्ये बोलत नाही.

निवृत्तीचंही असंच असतं, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या आयुष्याकडे पाहून.

आवटी फलटणजवळच्या विंचुर्णीचे. जन्म 1927 चा. 1945 साली ते नौदलात आले आणि संदेशवहनात तज्ज्ञ झाले. ‘रणजीत’ या विनाशिकेचं नेतृत्व त्यांनी केलं. ही जुनी ‘रणजीत’ मूळची ब्रिटिश ‘रिडाउट’. 1949 मध्ये ‘राजपूत’, ‘रणजीत’ आणि ‘राणा’ या तीन विनाशिका ब्रिटनकडून आपल्या ताफ्यात आल्या, त्यांपैकी ती एक. 1971 च्या युद्धात आवटी बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’चे कप्तान होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि 1983 साली निवृत्त झाले.

मुंबईत राहून जुन्या आठवणींवर दिवस काढणं त्यांना सहज जमलं असतं. ते विंचुर्णीला परतले. सेवेत असतानाच, 1978 मध्ये, त्यांनी सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली होती. वन्यजीवांसाठीही ते झटले. पण त्यांचं एक स्वप्न शिल्लक होतं: भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी. स्वतःचं वय उलटून गेलं होतं. मग त्यांनी ते स्वप्नच दुसऱ्याच्या हाती दिलं. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, गोव्यात ‘म्हादेई’ ही होडी बांधली गेली आणि ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात दोंदे यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी 2013 मध्ये कुठेही न थांबता ती केली. 2018 मध्ये ‘तारिणी’वरच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी घालून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी गेले.

जहाजंही निवृत्त होतात. सूर्यास्ताला ध्वज शेवटचा उतरतो, बिगुल वाजतो आणि कठोर माणसांचेही डोळे ओले होतात. पण नाव मरत नाही. आवटी निवृत्त झाले त्याच 1983 साली नवी ‘रणजीत’ नौदलात आली. 2019 मध्ये तिनंही निरोप घेतला.

मी परत आलो तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. वर्षभर पारावर बसून त्याच त्या गोष्टी सांगत राहिलो. ऐकणारे एकेक करून उठून गेले. मी पहारा सोपवला नव्हता, नुसता जागेवरून उठून आलो होतो. मग संध्याकाळी गावातल्या मुलांना गणित शिकवायला आणि धावायला न्यायला लागलो.

आज हा प्रश्न आणखी तातडीचा झालाय. 2022 पासून मुलं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात आणि त्यांतली फार तर पंचवीस टक्के पुढे कायम होतात. म्हणजे ज्या वयात अधिकारी पहिला वॉच सांभाळतो, त्या वयात आपली पोरं घरी परततील. त्यांना हारतुरे घालून आपण मोकळे होऊ नये. शिस्त, यंत्रांचं ज्ञान, रात्र जागून काढायची सवय घेऊन आलेल्या या मुलांच्या हाती गावानं काहीतरी सोपवायला हवं.

जानेवारी 2025 मध्ये नौदलात आलेल्या नव्या विनाशिकेचं नाव ‘सूरत’ आहे. आमच्या पांझरेचं पाणी जिथं समुद्राला मिळतं, त्याच शहराचं. मी ते पोरांना सांगितलं, तर त्यांतल्या एकानं विचारलं, “काका, तिच्यावर वॉच करायला काय शिकावं लागतं?” दुसऱ्या दिवशी आम्ही त्रिकोणमितीपासून सुरुवात केली.