ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत दम टाकतो, तेव्हा आधी टाकीचे झाकण पाहा



गळीत हंगाम रंगात आला की राजूर भागातील ऊस वाहतुकीबद्दल एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. जुना ट्रॅक्टर घरून चांगला निघतो, फडातून भरलेली ट्रॉली ओढून रस्त्याला लागतो, आणि अर्धा तास चालला की त्याचा दम तुटू लागतो. रेस दिली तरी वाढत नाही, धाप लागल्यासारखा करतो आणि बंद पडतो. ड्रायव्हर खाली उतरतो, तंबाखू मळतो, दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारतो, तर गाडी काहीच झाले नाही अशी चालू होते! पुन्हा तेवढेच अंतर, पुन्हा तोच प्रकार. रिकामा असताना मात्र हाच ट्रॅक्टर गावभर फिरतो.

अशा वेळी पहिला संशय जातो तो डिझेल पंपावर. पंप सोडवून शहरात न्यायचा, नोझल तपासायचे, चार दिवस ट्रॅक्टर झाडाखाली उभा, तोडलेला ऊस फडात वाळतोय, आणि पंपाचे बिल हातात आले तरी दुखणे जागच्या जागी. पंप कधीच बिघडत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण वर सांगितलेली लक्षणे असतील तर पंपाला हात लावण्यापूर्वी टाकीच्या झाकणातले सुईएवढे भोक उघडे आहे का, ते पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

हे भोक कशाला, असे पुष्कळजण विचारतात. गच्च भरलेल्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहा. धार गुडगुड करीत, अडखळत पडते. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडले की धार सरळ लागते. घरातल्या बायकांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. टाकीचेही तसेच आहे. जेवढे डिझेल खाली जाईल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. ती आली नाही तर आतली हवा विरळ होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब डिझेलला खाली येऊ देत नाही.

हा जोर किती असतो, त्याचा हिशेब करून पाहू. आपल्या भागाच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ११ मीटर उंचीच्या डिझेलच्या स्तंभाएवढा भरतो. समजा टाकी ५० लिटरची आहे आणि तीत ३० लिटर डिझेल आहे. म्हणजे वर २० लिटर हवा. झाकण गच्च असताना एक लिटर डिझेल जळाले तर ती २० लिटर हवा २१ लिटर जागेत पसरली. दाब विसाव्या हिश्शाने उतरला, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडा जास्त डिझेलचा स्तंभ आपल्या विरुद्ध ओढू लागला. आता टाकीतले डिझेल फीड पंपापेक्षा उंच असते तरी किती? अर्धा-पाऊण मीटर, फार तर. तेव्हा एका लिटरातच उंचीचा फायदा जवळपास संपला. पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीला तासाला चार-पाच लिटर डिझेल घेतो, म्हणजे बारा-पंधरा मिनिटांचा मामला. त्यानंतर फीड पंप आपल्या ताकदीवर थोडा वेळ ओढून धरतो, आणि तोही थकला की गाडी बंद. रिकाम्या ट्रॅक्टरला डिझेल कमी लागते, शिवाय भोक पुरते बुजलेले नसेल तर तेवढी थोडी हवा त्याला पुरते, म्हणून तो कुरकुरत नाही. उभा राहिल्यावर हळूहळू कुठून तरी हवा आत झिरपते, म्हणून पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने तो बरा झाल्यासारखा वाटतो.

यातून दुसरा एक घोटाळा होतो, तो नीट लक्षात घ्यावा. टाकी ओढून धरते आणि फीड पंप जोराने ओढतो, तेव्हा मधल्या पाइपाचा एखादा सांधा किंवा वायसर जरा ढिला असला तर पंप तिथून हवा ओढतो. मिस्त्री म्हणतो, 'एअर धरली.' एअर काढली जाते, गाडी चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर. वायसर बदलले, नट आवळून आवळून आटे गेले, तरी एअर येतेच. सांधा ढिला आहे हे खरे, पण त्याला दम लावणारे मूळ झाकणात बसलेले असते.

खात्री कशी करावी? गाडी दम टाकू लागली की रस्त्याच्या कडेला सपाट जागी घ्या, इंजिन चालूच ठेवा, आणि कान जवळ नेऊन झाकण सावकाश सोडा. 'सूं' करून हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिनाने लगेच उचल घेतली, तर दुखणे सापडले. आवाज आला नाही तर घरी आल्यावर बादलीची परीक्षा करा. फीड पंपाकडे जाणारा पाइप पंपाच्या तोंडाशी सोडून स्वच्छ बादलीत धरा. आधी झाकण काढून धार पाहा, मग झाकण गच्च लावून पाच लिटरपर्यंत डिझेल येऊ द्या. झाकण काढून धार चांगली आणि लावल्यावर ती बारीक होत गेली किंवा गुडगुडू लागली, तर भोक बुजले आहे. झाकण काढूनही धार बारीकच असेल तर टाकीच्या तळाशी, कॉकमध्ये किंवा जाळीत कचरा आहे. आणि दोन्ही वेळा धार सारखी जोरात आली तर झाकण निर्दोष आहे. मग फिल्टर, फीड पंप आणि त्यापुढचे पाहावे. हे करताना जवळपास बिडी-काडी नको. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही म्हणून निष्काळजीपणा करणारे पुष्कळ आहेत.

कचऱ्याबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाचटाचा एखादा तुकडा किंवा पान टाकीत पडले तर ते तरंगत राहते, चालताना तोंडाशी येऊन चिकटते, आणि इंजिन बंद झाले की सुटून पुन्हा दूर जाते. लक्षणे अगदी बुजलेल्या भोकासारखी! फरक एवढाच, की झाकण सोडल्यावर 'सूं' होत नाही.

आता दुरुस्ती. झाकण काढा आणि टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडके झाका. झाकण रॉकेलमध्ये किंवा स्वच्छ डिझेलमध्ये तासभर भिजत ठेवा. आमच्याकडची धूळ, पाचटाचा भुगा आणि घाटातल्या हेलकाव्यांनी उसळून आलेले डिझेल यांचे मिळून असे काही लुकण होते की नुसत्या फुंकरीने ते निघत नाही. भिजल्यावर तांब्याच्या बारीक तारेने भोक मोकळे करावे. खराट्याची काडी घालू नये, ती आत तुटते. नंतर ट्यूबमध्ये हवा भरायच्या पंपाने उलट बाजूने हवा मारावी. काही झाकणांत आत लोकर किंवा जाळी असते, ती धुऊन, वाळवून परत बसवावी. ती फेकून देऊन मोकळे झाकण लावले तर धूळ थेट टाकीत जाते. काही झाकणांत हवा फक्त आत येईल अशी झडप असते, म्हणून बाहेरून आत हवा जाते का तेच तपासावे. ज्या ट्रॅक्टरला झाकणाऐवजी टाकीच्या गळ्याशी श्वासाची बारीक नळी असते, तिचे खालचे तोंड जरूर पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते.

झाकण हरवले तर बाजारात जे बसेल ते आणून लावण्याची सवय वाईट. आटे जुळले म्हणजे झाकण जुळले असे नव्हे. भोक नसलेले, हवाबंद झाकणही तिथे तितकेच छान बसते. एच.एम.टी.च्या पिंजोर येथील ट्रॅक्टर विभागाला टाळे लावण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, त्यामुळे झेटर किंवा २५११ बाळगणाऱ्यांना अस्सल झाकण मिळणे अवघड झाले आहे, हे आम्ही जाणतो. बदली झाकण घेतलेच तर दुकानातच उजेडाकडे धरून भोक पाहावे. भोक पाडायची वेळ आली तर झाकण टाकीवरून काढून, बारीक ड्रिलने, पाणी सरळ आत शिरणार नाही अशा जागी पाडावे आणि किस पुसून घ्यावा. टाकीवर बसलेल्या झाकणात खिळा ठोकणारे पंडित आम्ही पाहिले आहेत, त्यांचा लोखंडी किस पुढे पंपात जातो.

वाटेतच अडकला असाल तर झाकण अर्धा आटा ढिले ठेवून कारखान्यापर्यंत यावे, पण तेवढ्यापुरतेच. विठे घाटाच्या आधी मात्र हे करून घ्यावे. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. चढावर इंजिन बंद पडले तर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो, उतारावर बंद पडले आणि ड्रायव्हरने घाबरून क्लच दाबला तर ट्रॉली मागून ढकलते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. घाटात बंद पडलाच तर गिअर टाकून ठेवा, ब्रेक लावा, चाकांना दगड लावा आणि मगच टाकीकडे जा. ट्रॉलीच्या मागे कोणालाही उभे करू नका.

राहिला पाऊस. भंडारदऱ्याकडून येणारी झड राजूरला दिवसचे दिवस उघडत नाही, तेव्हा टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी दोरीने आवळून बांधतात. हेतू चांगला, पण श्वास बंद होतो, आणि चिखलणीला रोटर जोडला की ट्रॅक्टर बंद पडतो. त्यापेक्षा झाकणावर एक उलटा डबा सैल ठेवावा. खालून हवा येते, वरून पाणी येत नाही. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने रिकाम्या जागेत पाणी धरत नाही. मात्र काठोकाठ भरू नये, चार बोटे जागा सोडावी. उन्हात डिझेल फुगते, ५० लिटरच्या टाकीत २० अंशांच्या फरकाला पाऊण लिटरच्या आसपास, आणि ते भोकातून वर येऊन पुन्हा धूळ धरते. फिल्टरच्या भांड्याच्या तळाचे पाणी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सोडावे, आणि त्याच वेळी झाकणातून फुंकर मारून पाहावी.